ऑनलाइन पोकर बोनस

ऑनलाइन पोकर बोनस : पैसे लावून पोकर खेळवणारी संकेतस्थळे खात्यात पैसे भरल्याबद्दल, ठरावीक प्रमाणात खेळल्याबद्दल किंवा नवा खेळाडू आणल्याबद्दल जी रक्कम, स्पर्धेचे तिकीट वा सवलत देऊ करतात, ती. जाहिरातीत ती भेट म्हणून झळकते. हिशेब मांडला की खेळाडूने दिलेल्या किंवा पुढे द्यायच्या शुल्काची ती अंशतः परतफेड ठरते.

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. संकेतस्थळ डावात उतरत नाही. त्याची कमाई पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैजांच्या रकमेतून, कापल्या जाणाऱ्या ‘रेक’मधून होते. पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक काढतो ती नाल हीच. रेक बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास असतो व त्याला एका डावापुरती कमाल मर्यादा असते. स्पर्धांत प्रवेशरकमेसोबत वेगळी फी घेतली जाते. जो जास्त डाव खेळतो, तो जास्त रेक भरतो. म्हणून बोनसचे जवळजवळ सगळे नियम ‘किती रेक भरला’ या एकाच मोजमापावर बेतलेले असतात.

सर्वांत परिचित प्रकार पहिल्या भरण्यावरचा, म्हणजे ‘फर्स्ट डिपॉझिट बोनस’. शंभर टक्के बोनस म्हणजे जेवढे भरले तेवढेच वर. ही रक्कम खात्यात दिसते, पण कुलूपबंद असते, आणि रेक भरला जाईल तसतशी हप्त्याहप्त्याने सुटते. समजा २०० डॉलर भरले, २०० डॉलर बोनस मिळाला, दर ५ डॉलर रेकमागे १ डॉलर सुटतो आणि मुदत ६० दिवसांची आहे. सगळा बोनस सोडवायला १,००० डॉलर रेक भरावा लागेल. रोज एक तास लहान टेबलांवर खेळून तासाला ३ डॉलर रेक भरणाऱ्याचा दोन महिन्यांचा रेक होतो १८० डॉलर. त्याच्या हाती ३६ डॉलर येतात, उरलेले १६४ मुदतीबरोबर रद्द होतात. जाहिरातीतली ‘शंभर टक्के’ ही संख्या त्यामुळे फारशी कामाची नाही. कामाचे आकडे दोन : दर रुपया रेकमागे किती सुटते आणि किती दिवसांत. वरच्या उदाहरणातला बोनस म्हणजे वीस टक्के सूट, तीही मुदतीची.

कॅसिनोच्या बोनसशी याची गल्लत करू नये. तिथे खेळ घराविरुद्ध, म्हणजे खुद्द कॅसिनोविरुद्ध असतो आणि बोनसच्या काही पट पैजा लावाव्या लागतात. १०० पौंडांच्या बोनसला ३५ पटींची अट असेल, तर पैजा होतात ३,५०० पौंडांच्या. स्लॉट यंत्रावर घराचा सरासरी वाटा चार टक्के धरला, तर अपेक्षित तोटा १४० पौंड, म्हणजे बोनसहून जास्त. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने ही पट दहावर आणण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्ये जाहीर केला. पोकरच्या बोनसमध्ये असा गणिती सापळा नसतो. पण तो सोडवण्याच्या घाईत माणूस एरवी खेळला नसता असे डाव खेळतो, न झेपणाऱ्या टेबलावर बसतो, आणि तिथे गमावलेले पैसे कोणत्याही अटीपत्रात लिहिलेले नसतात.

खऱ्या पैशांचा पहिला ऑनलाइन डाव १ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’वर झाला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर नव्या खेळाडूंची झुंबड उडाली व संकेतस्थळांत बोनसची चढाओढ लागली. एकेका संकेतस्थळाचा बोनस उचलून पुढे सरकणारे ‘बोनसशिकारी’ याच काळातले. नियमित खेळाडूंसाठी ‘रेकबॅक’ आला : भरलेल्या रेकचा ठरावीक भाग परत. ‘फुल टिल्ट’ या संकेतस्थळाचा २७ टक्क्यांचा दर बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या संकेतस्थळांच्या चालकांवर खटले उघड केले. त्यांतल्या फुल टिल्टकडे खेळाडूंची देणी भागवण्याइतका पैसा नसल्याचे पुढे आले. बोनस सोडाच, भरलेली मूळ रक्कमही लोकांना दीर्घकाळ मिळाली नाही.

रेक कोणाच्या नावे मोजायचा, हा वादाचा मुद्दा. ‘डील्ट’ पद्धतीत पत्ते मिळालेल्या सर्वांत तो समान वाटला जाई. पत्ते टाकून स्वस्थ बसणाऱ्यांचे यात फावले. ‘पोकरस्टार्स’ या संकेतस्थळाने २०१२ च्या आरंभी ज्याने पॉटमध्ये जितके घातले त्या प्रमाणात मोजणारी पद्धत आणली आणि हे खेळाडू चिडले. त्याहून मोठा भडका २०१५ च्या अखेरीस उडाला. पोकरस्टार्सचा ‘सुपरनोव्हा एलिट’ हा दर्जा वर्षात दहा लाख गुण मिळवणाऱ्याला लाभे. टेबलावर जेमतेम बरोबरीत सुटून केवळ परताव्यावर जगणारे व्यावसायिक त्यामागे वर्षभर राबत. २०१५ मध्ये हा दर्जा मिळवलेल्यांचे पुढील वर्षाचे लाभ कंपनीने नोव्हेंबरमध्ये कापले. डिसेंबरच्या सुरुवातीला खेळाडूंनी खेळबंदी केली, तरी निर्णय फिरला नाही. ‘जीजीपोकर’ या संकेतस्थळाने पुढे खेळाडूचे ‘मूल्य’ मोजणारा निर्देशांक आणला : सतत जिंकणाऱ्याला परतावा कमी, हरणाऱ्याला जास्त. त्याचे सूत्र उघड केलेले नाही. सूत्र झाकलेले असेल, तर त्या बोनसची किंमत ठरवताच येत नाही.

भारतात बोनसला करामुळे वेगळेच काम मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून रेकऐवजी भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. १०० रुपये भरले की सुमारे २१.८७ रुपये करात जात व खेळायला ७८.१३ उरत. अनेक कंपन्यांनी ही तूट ‘बोनस’ म्हणून भरून दिली. म्हणजे खेळाडूच्या डोळ्यांसमोर शंभराचे शंभरच राहिले आणि कराचा भार कंपनीने आपल्या कमाईतून सोसला. प्राप्तिकरापुरता प्रत्यक्ष कर मंडळाच्या मे २०२३ च्या परिपत्रकाने खुलासा केला : निव्वळ जिंकलेली रक्कम मोजताना बोनस हा करपात्र भरणा धरायचा, म्हणजे स्वतः भरलेल्या पैशांसारखा तो वजा होत नाही, मात्र फक्त खेळण्यापुरता असलेला, काढून न घेता येणारा बोनस हिशेबाबाहेर.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैशांचा ऑनलाइन खेळ चालवण्यास या कायद्याने मनाई केली आणि मोठ्या भारतीय पोकर संकेतस्थळांनी पैशांचे खेळ थांबवले. खेळणाऱ्याला कायद्यात शिक्षा नाही. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला, त्यात बोनसची जाहिरातही आली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.