बीज, क्षेत्र आणि गुणसूत्र

नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी आठवीला पेशी शिकवीत होतो. केंद्रकातली गुणसूत्रे आईबापांचे गुण पुढे नेतात, असे सांगताच एका मुलाने विचारले, ‘सर, मग जात कोणत्या गुणसूत्रावर असते?’ वर्ग हसला. मला हसू आले नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि काही दिवसांतच याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या जिल्ह्यात हा प्रश्न पोरकट नाही.

तो नवाही नाही. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, या कथेला १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त प्रजननाचाच जाब विचारला: मुखात गर्भ राहिला, तर विटाळाचे काय? तीनच वर्षांनी, १८७६ साली, ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की, गर्भधारणेत नराच्या व मादीच्या पेशींची केंद्रके एक होतात.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री क्षेत्र, पुरुष बीज. आणि बीज श्रेष्ठ. पेशीशास्त्राने हा न्याय मोडीत काढला. माणसाच्या पेशीतल्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ आईची, २३ बापाची. आई म्हणजे नुसती जमीन नव्हे. मुलगा की मुलगी, हेही बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आमच्या गावांत बोल मात्र सुनेला लागतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. विज्ञानाचा तास हे त्याच लढ्याचे पुढचे काम आहे.

मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म वंशात नव्हे, जातीतच लग्न करण्याच्या बंधनात दाखविले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही दिसले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले. बेटीबंदीचे कुंपण त्यानंतर घट्ट झाले.

आज लातूरच्या शिकवणी वर्गांत मेडिकलच्या प्रवेशासाठी मुले मेंडेलच्या वाटाण्यांची गणिते झपाट्याने सोडवितात. पण असा मुलगा उद्या डॉक्टर होऊन सोयरिकीत ‘शुद्ध रक्त’ शोधणार असेल, तर त्याला गुण मिळाले, धडा मिळाला नाही.

त्या मुलाला मी सांगितले, ‘एकाही नाही. जात गुणसूत्रात नसते, सोयरिकीच्या बैठकीत असते; म्हणून ती मोडता येते.’ शिक्षक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे: वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर आपण विचारावा.