गाडीची कमान आणि तट्टाची पाठ

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी मनापुढे १६६४ सालचा जानेवारी महिना उभा राहतो. दक्षिणेतून दौडत आलेली शिवाजी महाराजांची घोडी, बंद झालेल्या पेढ्या, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान. चित्र खरे आहे, पण ते अवघ्या चार-पाच दिवसांचे आहे. एरवी वर्षभर सुरतेच्या रस्त्यावर जो आवाज ऐकू येई तो टापांचा नसे. बैलांच्या गळ्यातील घंटांचा असे. मोगल साम्राज्याचे हे प्रमुख बंदर गाडीत बसून हिंडत होते, आणि ती गाडी बैल ओढीत होते.

१६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी सुरतेस उतरला. लाल रेशमी आच्छादनाच्या गाड्या आणि त्यांना जुंपलेले पांढरेशुभ्र, उंच वशिंडाचे बैल पाहून तो चकित झाला. हे बैल घोड्यांसारखे धावतात, त्यांच्या अंगावर रेशमी गोंडे असतात, आणि घंटांच्या नादामुळे ते येत असल्याची वर्दी लोकांना दुरूनच मिळते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्याच्या आधी सहा-सात वर्षे आलेला एडवर्ड टेरी हा पाद्री गाडीच्या आत डोकावला. दोन चाकांची हलकी गाडी, वरून व मागून झाकलेली. आत जाड रजया अंथरलेल्या आणि पाठीशी कापूस भरलेला लांब लोड. दाटीने चार माणसे बसतील, पण दोघांनी प्रवास केला तर अंथरुणावर पडल्यासारखे पडून जाता येते, असे तो सांगतो. वीस मैलांची दिवसाची मजल हे बैल सहज मारीत, अशीही त्याची साक्ष आहे.

यावरून एक प्रश्न उभा राहतो. सुरत हे घोड्यांना अपरिचित असे गाव नव्हते. अरबस्तानातून व इराणातून घोडे समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर येत. धनिकांच्या पागा भरलेल्या असत. मग गाडीला बैल का? घोडा महाग होता आणि तो स्वारीसाठी व लढाईसाठी राखलेला असे, हे नेहमीचे उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर गाडीच्या आसाखाली सापडते. त्या गाडीला कमान नव्हती. लाकडी आसावर साटा, साट्यावर बैठक, आणि बैठकीवर माणूस! मध्ये धक्का गिळणारी वस्तू म्हणजे फक्त कापसाची गादी. दुडक्या चालीच्या घोड्याला अशी गाडी जोडली असती तर चाकाचा प्रत्येक हिसका आणि घोड्याच्या पाठीचा प्रत्येक झोका बसणाऱ्याच्या मणक्यात उतरला असता. बैलाची चाल सपाट. जूही वशिंडापुढे मानेवर टेकलेले, त्यामुळे धुरा फारशी वरखाली होत नाही.

शिवाय सुरतेचे रस्ते. झाँ द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ साली, म्हणजे पहिल्या लुटीनंतर दोनच वर्षांनी, तेथे होता. सुरतेचे रस्ते रुंद व सपाट आहेत, मात्र त्यांना फरसबंदी नाही, असे तो लिहितो. वाचताना हा दोष वाटतो. वास्तविक बिनकमानीच्या गाडीला याहून सोयीचा रस्ता दुसरा नाही. तापीच्या गाळाची ती मऊ माती आणि तिच्यावरची धूळ हीच त्या गाडीची कमान होती! पावसाळ्यात तिचे काय होत असेल ते वेगळे सांगावयास नको. मालवाहू गाड्यांची चाके आऱ्यांची नसून जात्याच्या तळीसारखी एकसंध लाकडाची असत, हेही तेव्हनोनेच लिहिले आहे. अशा चाकाला मऊ जमीनच मानवते. दगडी रस्त्यावर ते लवकरच फुटून जाईल.

याच सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात सप्टेंबर १६१५ मध्ये एक वेगळी गाडी जहाजातून उतरली होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच्याबरोबर बादशहास नजर करण्यासाठी आलेली ती इंग्रजी बग्गी होय. तिच्यासोबत हाकणारा इंग्रज गाडीवानही होता. जानेवारी १६१६ मध्ये अजमेर येथे ती जहांगीरला मिळाली. बादशहाने त्याच दिवशी तिच्यात बसून नोकरांकडून ती अंगणात ओढवून पाहिली, कानाकोपरा तपासला, आणि आतील मखमल चिनी असल्याचे त्याच्या नजरेतून सुटले नाही! पुढे ती गाडी सुटी करून कारागिरांपुढे नमुना म्हणून ठेवण्यात आली. नोव्हेंबर १६१६ मध्ये बादशहा अजमेरहून निघाला तेव्हा तो या नव्या, देशी हातांनी घडविलेल्या बग्गीत बसला होता. चार घोडे ती ओढीत होते व इंग्रज गाडीवान हाकीत होता. मूळ गाडीचे अस्तर बदलून, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे मारून ती नूरजहानला देण्यात आली होती.

घोड्यांची बग्गी अशी बादशहाच्या दारी पोहोचली, पण सुरतेच्या रस्त्यावर ती रुजली नाही. पाऊणशे वर्षांनंतर जॉन ऑव्हिंग्टन सुरतेस आला तेव्हा इंग्रज वखारीच्या कौन्सिलचे सभासद बैलांच्याच गाड्यांतून मिरवीत होते. गाड्यांच्या गोंड्यांना चांदी मढविलेली आणि बैलांची जोडी भारदस्त. ज्यांच्या देशात बग्ग्या होत्या त्यांनीही येथे येऊन बैलगाडीच पसंत केली. याला केवळ थाटाची हौस म्हणता येणार नाही. त्या रस्त्याला, त्या उन्हाला आणि त्या लाकडी आसाला जे जनावर जमत होते ते त्यांनी निवडले. गाडीची निवड ही आधी जनावराची निवड असते, हे सुरतेच्या लोकांना पुरते ठाऊक होते.

युरोपात त्या काळी गाडीची पेटी जाड चामडी पट्ट्यांवर टांगण्याची रीत होती. पेटी झोके घेई. बसणाऱ्याला बोटीत बसल्यासारखे मळमळे. पुढे पोलादी कमानी आल्या. १८०४ साली लंडनच्या ओबडाया इलियट याने अंडाकृती कमानीचा हक्क नोंदविला. पोलादाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक बसवून केलेली एक कमान खाली, तशीच दुसरी तिच्यावर पालथी. दोन्हींची टोके जोडलेली. खालची कमान आसाला बांधावयाची आणि वरची गाडीच्या साट्याला. यामुळे पूर्वीच्या बग्ग्यांना लागणारी तळाची अवजड तुळई अनावश्यक झाली. गाडी ठेंगणी झाली, हलकी झाली.

या शोधाचे श्रेय सहसा बसणाऱ्याच्या सुखासाठी दिले जाते. जनावराच्या वाट्याला त्यातून काय आले याचा उल्लेख क्वचितच होतो. बिनकमानीच्या गाडीचे चाक दगडावर चढते तेव्हा त्याबरोबर माणसे, सामान, साटा असे सारेच ओझे उचलले जाते. ते उचलण्याची ताकद जनावराच्या छातीतून यावी लागते. कमान असली म्हणजे चाक एकटे उठते व पडते, वरचे ओझे जवळजवळ सरळ रेषेत जात राहते. म्हणून कमान आल्यावरच लहानसर तट्टाला चारजणांची गाडी ओढणे शक्य झाले.

आणि तट्टू म्हणजे तर महाराष्ट्राचे खास जनावर! भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे उंचीने बेताची, पण खडकाळ वाटेला न थकणारी. १६६४ मध्ये सुरतेकरांनी दक्षिणी घोडा पाहिला तो शत्रूच्या मांडीखाली. त्याच जातकुळीचे तट्टू दोनशे वर्षांनी गाडीच्या दांड्यांत उभे राहिले, याला दोन गोष्टी कारण झाल्या. एक कमान, आणि दुसरी खडीचा रस्ता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत दगड फोडून, दाबून केलेल्या सडका गेल्या. या सडकेवर धूळ कमी आणि चाल जलद, पण धक्का कठीण. सुरतेच्या मातीने जे काम फुकट केले होते ते आता पोलादाला करावे लागले.

या सडकांवर टांगा वाढला. १८७४ च्या नाशिक भागातील महसुली अहवालात, येथील लोक तट्टांचे वा बैलांचे हलके टांगे सर्रास वापरतात, यावरून त्यांची सुस्थिती दिसते, अशा अर्थाची नोंद आहे. टांगा बाळगणे हे संपन्नतेचे लक्षण मानले जाई! तट्टे किंवा बैल, असे दोन्ही पर्याय त्या नोंदीत आहेत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. जुने वाहन एका रात्रीत जात नाही. सुरतेकडे १८६० साली अंकलेश्वर-उतराण लोहमार्ग सुरू झाला व १८६४ पर्यंत गाडी मुंबईस जाऊन भिडली. जेथे स्टेशन झाले तेथे दाराशी भाड्याची गाडी उभी राहणार, हे ओघानेच आले. गुजरातेत तिला घोडागाडी म्हणत.

चांगली गाडी कोणती हे ओळखण्याची विद्या याच पिढ्यांनी घडविली. ती पुस्तकात फारशी उतरली नाही. सुतार, लोहार आणि टांगेवाला यांच्या हातांत राहिली. नवखा गिऱ्हाईक गादी दाबून पाही, रंग पाही, छत्रीची झालर पाही. जाणता माणूस प्रथम तट्टाची उंची पाही. चाक फार मोठे आणि तट्टू ठेंगणे असेल तर दांड्या पुढच्या बाजूला उतरतात, बैठक पुढे कलते आणि सारे ओझे खोगिरावर येऊन बसते. चार दिवसांत तट्टाची पाठ लागते. चाक फार लहान घेतले तर दांड्या वर चढतात, आणि खड्ड्यातून चाक निघता निघत नाही. दांड्या तट्टाच्या कुशीशी सपाट राहिल्या पाहिजेत, एवढ्यासाठी कित्येकदा आस मध्ये वाकवून घेतला जाई, म्हणजे चाक मोठे ठेवूनही बैठक खाली येई.

त्यानंतर तोल. दोन चाकांच्या गाडीत बसणाऱ्यांचे ओझे बरोबर आसावर आले पाहिजे. मागच्या बैठकीवर दोन स्थूल गृहस्थ आणि पुढे एकटा सडपातळ टांगेवाला अशी स्थिती झाली की गाडी उलाळ होते. दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा तंग तट्टाला कापू लागतो. टांगेवाला उतारूंना ‘जरा पुढे सरकून बसा’ म्हणून विनवी. पुष्कळांना तो टांगेवाल्याचा हेकटपणा वाटे. त्याची खरी तक्रार तट्टाच्या पोटाची होती. ती त्याच्या तोंडून निघे एवढेच. चढावर हेच गणित उलटते. चढावर ओझे आपोआप मागे जाते, म्हणून समंजस टांगेवाला स्वतः पुढे वाकून दांड्यांवर भार देई, नाहीतर खाली उतरून चालू लागे.

कमानीची परीक्षा याहून नाजूक. फार कडक कमान रिकाम्या गाडीत दणके देते. फार मऊ असली तर भरल्या गाडीत साटा आसावर आपटतो. आणखी एक व्याधी आहे, ती विकत घेताना कळत नाही. तट्टू दुडक्या चालीवर आले की त्याच्या पाठीच्या झोक्याबरोबर दांड्या हलतात, त्यांच्याबरोबर बैठक पुढेमागे हलू लागते, आणि उतारूची मान डोलू लागते. दांडी थेट साट्याला ठोकलेली असली की हा दोष हमखास येतो. दांड्या आसाशी जोडून साटा कमानींवर वेगळा तरंगता ठेवला म्हणजे तो पुष्कळ कमी होतो.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी एक छोटी गाडी निघाली. टोपलीसारखी खोल, दार मागे, बाके दोन्ही बाजूंना, कमानींवर अगदी जमिनीलगत बसविलेली. ओढावयास शांत स्वभावाचे लहान तट्टू. मूल बाहेर पडू नये ही काळजी तिच्या घडणीत दिसते. मात्र हाकणाऱ्याला अंग मुरडून बसावे लागे, आणि दार मागे असल्यामुळे आत चढणारा पहिला माणूस गाडी हटकून उलाळ करी. म्हणून चढउतार होईपर्यंत तट्टाच्या तोंडाशी कोणीतरी उभे राहणे बरे असे. सुखसोयीच्या प्रत्येक गाडीत अशी एखादी उणीव असतेच.

रबरी धावा आल्या, मग हवा भरलेली चाके आली, आणि कमानीवरचा भार हलका झाला. भारतात १९६५ साली ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी जे नियम झाले, त्यांत हवेची चाके असलेल्या गाडीला अधिक वजनाची मुभा आहे व साध्या चाकांच्या गाडीला कमी. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालील मुले सोडून चारांपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत, हेही त्यांत आहे. कायद्याने वजनाची मर्यादा चाकावरून ठरविली. कमानीचा आणि तोलाचा प्रश्न मात्र घेणाऱ्याच्या नजरेवर सोडला.

त्या नजरेची जुनी कसोटी सोपी आहे. गाडीत नेहमी बसणार असतील तितकी माणसे बसवावयाची, तट्टू न जुंपता दांड्यांची टोके त्याच्या कुशीच्या उंचीला धरावयाची, आणि हातावर किती भार येतो ते पाहावयाचे. टोके दोन बोटांवर तोलली गेली तर गाडी घ्यावी. खांदा ताणावा लागला, किंवा दांड्या हातातून वर निसटू लागल्या, तर लोहाराला बोलावून आस पुढेमागे करून घ्यावा. आणि तो नाही म्हणाला तर गाडी, कितीही देखणी असली तरी, तेथेच ठेवून यावी.