सायक्लोस्टाइलवरचे अंतराळ

शाळेत तीस वर्षे घालवलेल्या शिक्षकांना स्टेन्सिल कापणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करायची, मेणाचा लेप असलेला पातळ कागद आत सरकवायचा आणि अक्षरे ठोकत जायची. अक्षर पडेल तिथला लेप निघतो. तो कागद सायक्लोस्टाइल यंत्राच्या रुळावर ताणून बसवला आणि हँडल फिरवले, की त्या फटींतून शाई झिरपते आणि सहामाहीच्या प्रश्नपत्रिका भराभर बाहेर पडू लागतात. चूक झालीच, तर लाल द्रवाचा ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा ठोकायचे.

अमेरिकेत याच यंत्रावर एका दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रेक्षकांनी स्वतःची मासिके काढली. मालिकेतली पात्रे घेऊन त्यांनी नव्या कथा रचल्या, छापल्या आणि टपालाने एकमेकांना पाठवल्या. आपल्याकडच्या शाळांतून हस्तलिखिते निघत, त्याच जातीचा हा उद्योग म्हणता येईल. फरक एवढाच, की हस्तलिखिताची प्रत एकच असते. ते वर्गात हातोहात फिरते आणि वर्षअखेर कपाटात जाते. स्टेन्सिलवरून मात्र शेकडो प्रती निघतात, त्यामुळे वाचक दुसऱ्या गावचा, अनोळखी असू शकतो. या फरकाने काय काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

या मासिकांचे मूळ दूरचित्रवाणीच्याही आधीचे आहे. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कहून 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापत आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही देत. पत्ता मिळाल्यावर वाचक संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले. त्या पत्रव्यवहारातून मंडळे उभी राहिली. शिकागोच्या 'सायन्स करस्पॉन्डन्स क्लब'ने मे १९३० मध्ये 'द कॉमेट' नावाचे पत्र काढले. संपादक होते रेमंड पामर आणि वॉल्टर डेनिस. रसिकांनी रसिकांसाठी काढलेले हे पहिले विज्ञानकथा-नियतकालिक मानतात. गंमत अशी, की सुरुवातीच्या अंकांत कथांपेक्षा विज्ञानाचीच चर्चा अधिक असे. अशा पत्रांना 'फॅनझीन' हे नाव मिळाले ते १९४० साली.

'स्टार ट्रेक' ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. एंटरप्राइज नावाचे यान, कप्तान कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि व्हल्कन ग्रहावरच्या पित्याचा व पृथ्वीवरच्या मातेचा मुलगा स्पॉक ही त्यातली मुख्य मंडळी. वर्षभरातच, सप्टेंबर १९६७ मध्ये, देवरा लँगसॅम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोन तरुणींनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून 'स्पॉकॅनेलिया' हे या मालिकेला वाहिलेले पहिले फॅनझीन काढले. स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांचे पत्रही पहिल्या अंकात होते. अंक तयार व्हायचा तो घरातच. छापलेल्या पानांचे गठ्ठे टेबलाभोवती मांडायचे, मित्रमंडळींनी टेबलाला प्रदक्षिणा घालत एकेक पान उचलायचे आणि शेवटी टाचणी मारायची. किंमत कागद, शाई आणि टपालापुरती. पात्रे दुसऱ्याच्या मालकीची असल्याने नफा घेणे बरे दिसले नसते. नफा नव्हता, म्हणूनच मालक कंपनीनेही बहुधा डोळेझाक केली.

आमच्या मते शिक्षकाने बघावे असे यात पुढेच आहे. नव्या लेखकाला कथा लिहिताना सगळे विश्व स्वतः उभारावे लागते, आणि तिथेच त्याची दमछाक होते. इथे विश्व तयार होते. पण त्याचे नियमही पक्के होते. स्पॉकचे रक्त हिरवे, कारण त्यात लोहाऐवजी तांबे आहे, असे मालिकेने सांगितले होते. हा नियम कथालेखकाने मोडला, तर पुढच्या टपालाने खरडपट्टी ठरलेलीच. (आपल्या पृथ्वीवरच्या खेकड्याच्या आणि ऑक्टोपसच्या रक्तात तांबेच प्राणवायू वाहून नेते, पण त्याने रक्त निळसर होते, हिरवे नव्हे. हा मुद्दा नववीच्या वर्गात काढून पाहावा.) जॅकलिन लिक्टेनबर्ग यांनी १९७० च्या सुमारास 'क्रेथ' ही कथामाला सुरू केली, तेव्हा तिच्यात भर घालू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी माहितीपुस्तिकाच तयार केली आणि इतर अनेकांच्या कथा त्या मालेत आल्या.

टीकाही घरचीच होती. नवशिके लेखक स्वतःलाच नायिका करून यानावर पाठवत. ही नायिका वयाने लहान, दिसायला सुंदर, सर्व विद्यांत पारंगत. तिच्यावर सगळे अधिकारी भाळायचे. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी याची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. तिच्यातली 'मेरी सू' साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट आहे. ती सगळ्यांचे प्राण वाचवते आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरते. पुढे 'मेरी सू' हा समीक्षेतला शब्दच होऊन बसला. शालेय निबंधातल्या 'मी अंतराळवीर झालो तर' या मजकुराला तो आजही चपखल लागू पडतो!

लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, ही गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. त्यापूर्वीची विज्ञानकथेची मंडळे बव्हंशी पुरुषांची होती. सायक्लोस्टाइल मासिकाला कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून हा प्रवेश शक्य झाला असे आम्हांला वाटते. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी १९६० च्या दशकाअखेर मैत्रिणीबरोबर असेच एक फॅनझीन काढले होते; पुढे त्यांच्या कादंबऱ्यांना विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार चार वेळा मिळाला.

मालिका १९६९ साली ७९ भागांनंतर बंद पडली, मासिके मात्र वाढतच गेली. १९७६ मध्ये एका बड्या प्रकाशनसंस्थेने त्यांतल्या निवडक कथांचे पुस्तकही काढले. नंतर झेरॉक्स आले, पुढे संगणकांची जाळी आली आणि मेणाचा कागद मागे पडला. ते जुने अंक आता आयोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी जपून ठेवलेले आहेत.

मराठीत विज्ञानकथेची वाट निराळी होती. इथे नव्या लेखकाला दार उघडले ते मुख्यतः स्पर्धांनी आणि दिवाळी अंकांनी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. स्पर्धेत परीक्षक असतो, तो एकदा निकाल देतो. फॅनझीनमध्ये वाचक प्रत्येक अंकाला उत्तर देतात.

पण दुसऱ्याच्या कथेत आपली भर घालणे आपल्याला नवे नाही. स्थळमाहात्म्ये म्हणजे दुसरे काय आहे? विष्णू सर्वांचा, दैत्यवधाची रीत ठरलेली. त्या चौकटीत गावाने आपले तळे बसवायचे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची कथा अशीच आहे. लोणासुर भुयारात लपून राही. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ती जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने भुयाराचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचे. उडालेले झाकण म्हणजे धाकेफळजवळची टेकडी, असे सांगतात. सरोवराचे पाणी हे दैत्याचे रक्त आणि त्यातला क्षार हे त्याचे मांस.

ही कथा रचणाऱ्याने खड्डा नीट पाहिला होता. एवढी माती-दगड गेली कुठे, हा प्रश्न त्याला पडलेला दिसतो, आणि भूशास्त्रज्ञांनाही तोच पडला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्वी अनेकांना ज्वालामुखीचे वाटे. प्रचंड आघातानेच बनणारी काच इथल्या बेसाल्टमध्ये सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे निघते, तर २०११ च्या आर्गॉन मोजणीने सुमारे ५,७०,०००. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

वर्गाच्या हस्तलिखितासाठी याहून चांगली सामाईक चौकट शोधावी लागणार नाही. व्यास, बेसाल्ट आणि क्षार हे पक्के नियम. वयाचा वाद मोकळा. दैत्य, त्याच्या बहिणी आणि ती उल्का ही पात्रे तयार. अंक पूर्ण झाला, की त्याच्या झेरॉक्स प्रती दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवाव्यात आणि तिथल्या मुलांकडून चुका दाखवणारी पत्रे मागवावीत. झाकणाबद्दल पत्र नक्की येईल. विवरातून उडालेला खडक धाकेफळला नव्हे, काठाच्या बाहेर सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत चहूबाजूंना पसरलेला आहे, आणि त्यावर आज शेते आहेत.