कळ, ठणका आणि आवडती खुर्ची

मराठीत दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, पायांना रग लागते. कंबर मात्र धरते, भरून येते, तिच्यात उसण भरते नाहीतर चमक निघते. दाढेत कधी उसण भरत नाही. प्रत्येक शब्दाला आपली जागा आहे आणि दुखण्याची जातही त्यातच कळते. हे शहाणपण जुनं आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या वेदना सांगताना तोदन, भेदन, ताडन, चुमचुमायन अशी नावांची रांगच येते.

आधुनिक वैद्यकात अशी एक यादी १९७१ साली झाली. रोनाल्ड मेलझॅक आणि वॉरन टॉर्गर्सन यांनी इंग्रजीतले वेदनेचे १०२ शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी केली. त्यातून १९७५ साली मॅकगिल प्रश्नावली तयार झाली, ७८ शब्दांची आणि २० गटांची. तिचं भाषांतर कसं करणार? 'ठणका' आणि 'ठसठस' यांच्यामधलं अंतर इंग्रजी शब्दांच्या अंतराशी जुळेलच असं नाही.

पाठदुखीसाठी दुसरी वाट निघाली: कसं दुखतं हे न विचारता, दुखण्यामुळे काय अडतं ते विचारायचं. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री या लहान गावी जॉन ओब्रायन यांनी १९७६ साली हे काम सुरू केलं. एक शल्यविशारद, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी पाठदुखीच्या रुग्णांशी बोलून प्रश्न घडवले. १९८० साली प्रश्नावली छापली गेली. तिचे विभाग १०, प्रत्येकात विधानं ६, आणि उत्तरांवरून अपंगत्वाची टक्केवारी. तिच्या २.१अ आवृत्तीच्या इंग्रजी आणि मराठी रूपांची भारतीय रुग्णांवरची पारख २०१३ साली 'स्पाइन' या नियतकालिकात आली.

क्रिया सगळीकडे सारख्याच, म्हणून हे भाषांतर सोपं वाटतं. मला ते अधिक अवघड वाटतं. मूळ प्रश्नावलीत बसण्याच्या विभागात 'आवडत्या खुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं' असं एक विधान आहे. डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या बाईची आवडती खुर्ची कोणती? तिचं आयुष्य पाटावर, विळीपुढे आणि लोकलच्या चौथ्या सीटवर गेलं. तिची कंबर मांडी मोडून उठताना बोलते, आणि त्या उठण्याला मूळ कागदावर स्वतंत्र घर नाही. उभं राहण्याच्या विभागात 'तासाभरापेक्षा जास्त उभं राहता येत नाही' असं विधान आहे. कल्याणहून सीएसएमटीपर्यंत जागा न मिळालेला माणूस तासाहून जास्त वेळ उभाच असतो. ही खूण त्याच्या हातून झाली, तर त्याची नोकरीच धोक्यात आहे.

चालणं तिथे मैल आणि यार्डांत मोजलं आहे. मैल ठाण्याला परका नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी २१ मैल धावली होती. पण १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल मागे पडला. आज माणूस सांगतो, 'स्टेशनपर्यंत जातो, पूल चढवत नाही.' कामजीवनाचा विभागही आहे. तो अनेक देशांत रिकामा राहतो. गुण काढताना तेवढा विभाग वगळून टक्केवारी काढतात.

म्हणूनच पारख लागते. रूढ पद्धतीत दोघे जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात, त्यातला एक वैद्यकाबाहेरचा. दोन्ही मसुदे जुळवून एक करतात. मूळ न पाहिलेले आणखी दोघे तो उलट इंग्रजीत नेतात. समिती फरक तपासते आणि ३० ते ४० रुग्णांना विचारलं जातं की या वाक्यातून तुम्हाला काय कळलं. मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. त्यानंतर आकडे: प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का हे पाहणारा क्रॉनबाख यांचा १९५१ चा अल्फा, आणि त्याच रुग्णाकडून पुन्हा भरून घेतलेला कागद. दोन वेळांमध्ये इतकंच अंतर ठेवायचं की पहिली उत्तरं पाठ राहू नयेत आणि दुखणंही बदलू नये.

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत पाठदुखीसाठी गेल्यावर असा कागद हातात आला, तर रांगेच्या घाईत खुणा करू नका. वाक्य कळलं नाही तर विचारा. आणि तो कागद परत घेणाऱ्यांना विनंती: कुणी समासात 'जमिनीवरून उठवत नाही' असं लिहिलं असेल, तर ते वाचा आणि केसपेपरवर नोंदवा.