चामखीळ, चुना आणि गळालेली ओळ

गेल्या पावसाळ्यात ताईने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. भाचीचं बोट, नखाच्या कडेला खडबडीत चामखीळ आणि तिच्याभोवती भाजल्यासारखा लाल चट्टा. खाली एकच ओळ होती : ‘आईनं रात्री चुना-सोडा लावला.’

भाची पाच वर्षांची. ताई केज तालुक्यात राहते, मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. आई तेव्हा ताईकडेच होती. मी फोनवर आईला नको ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, “तुझी याच औषधानं गेली होती की.” ते खरंच होतं. माझ्या कोपरावर त्याचा डाग अजून आहे. वर तिने कुठल्याशा व्हिडिओचा दाखला दिला, हा म्हणे अस्सल आयुर्वेदिक उपाय आहे. मग मी सुश्रुतसंहितेचं भाषांतर उघडलं. भांडण जिंकायचं म्हणून उघडलं, हे कबूल करतो.

पहिला गुण आईला गेला. ‘चामखीळ’ हा शब्दच मुळात ‘चर्मकील’, म्हणजे कातडीत ठोकलेला खिळा. सुश्रुताने तिचं वर्णन मूळव्याधीच्या प्रकरणात केलं आहे आणि उपायही सांगितला आहे : शस्त्राने खरवडा, मग क्षाराने किंवा अग्नीने जाळा. हा क्षार म्हणजे काय? ठरावीक झाडांची राख पाण्यात कालवून गाळायची, त्या पाण्यात भाजलेली चुनखडी आणि शंख-शिंपले घालून आटवायचं. राखेतल्या पोटॅशवर चुन्याची क्रिया होऊन दाहक अल्कली तयार होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला, त्यात या कृतीचं मनापासून कौतुक आहे. आईच्या वाटीत घडतं तेही हेच. पानाच्या डबीतला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र झाले की कॉस्टिक सोडा बनतो. फक्त राखेची जागा किराणा दुकानातल्या पुडीने घेतली आहे.

म्हणजे उपाय खरोखर जुना आहे. पण मी पुढे वाचत गेलो. क्षार लावल्यावर किती वेळ थांबायचं, तर शंभर मात्रा उच्चारून होईपर्यंत. आईने चिंधी बांधून रात्रभर ठेवला होता. आणि क्षार कुणाला लावू नये याची यादी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आहे. तिच्या सुरुवातीलाच दुर्बळ, बालक, वृद्ध आणि भित्रा माणूस येतात.

बालक! मी ती ओळ दोनदा वाचली. कृती आमच्या आजीपर्यंत आली, आजीकडून आईकडे आली, आईने माझ्या कोपरावर वापरली. वाटेत कुठेतरी एवढी एक ओळ गळाली. आमच्या धंद्यात असं रोज होतं. दुसऱ्याचा कोड उचलताना काम करणारा भाग तेवढा घेतला जातो, वरची ‘इथे वापरू नका’ ही सूचना मागेच राहते. पण सर्व्हर ओरडत नाही. भाची ओरडली होती, आणि आईने ‘लागतंय म्हणजे लागू पडतंय’ असं तिला समजावलं होतं.

आईचा दुसरा उपाय घोड्याच्या शेपटीच्या केसाचा. केसाचा फास चामखिळीला बांधायचा, ती वाळून पडते. माझ्या लहानपणी हा केस वरातीच्या घोडीकडून मिळे, घोडीवाल्याच्या शिव्यांसकट. त्याआधी आमच्याकडे घोड्यांना तोटा नव्हता. निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. केसाचा उपाय थोतांड नाही. देठ असलेला मांसाचा कोंब फासाने रक्तपुरवठा तुटून गळतो. घोळ भाषेचा आहे. मानेवरचा मऊ लोंबता कोंब आणि मुलाच्या बोटावरचा खरखरीत खिळा, दोन्हींना आपण चामखीळच म्हणतो. दुसऱ्याला देठच नसतो, फास बसणार कुठे? पहिल्या शतकातल्या रोमन सेल्ससने मात्र यांचे वेगवेगळे प्रकार पाडले होते. त्यातल्या एका प्रकाराबद्दल तो लिहितो, की हे मुलांना जास्त होतात आणि कधीकधी अचानक नाहीसे होतात.

त्या शेवटच्या शब्दांकडे दोन हजार वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. चामखीळ संसर्गाने होते हे 1907 मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे च्युफोने दाखवलं. चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून त्याने टोचला, तरी चामखीळ उगवली. म्हणजे कारण जिवाणूहून लहान, विषाणू. पुढे 1963 मध्ये मॅसिंग आणि एपस्टीन यांनी संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या चामखिळी उपचाराविना नुसत्या पाहत ठेवल्या. दोन वर्षांत सुमारे दोन तृतीयांश आपोआप गेल्या. शरीराला विषाणू ओळखायला वेळ लागतो, इतकंच. या अवधीत तुम्ही जे काही कराल त्याला श्रेय मिळणार, मग तो चुना असो, रुईचा चीक असो की देवीला वाहिलेलं मीठ. झुरिकच्या ब्रुनो ब्लॉख यांनी तर 1920च्या दशकात एक यंत्र बनवलं होतं. खडखडणारी मोटार, लुकलुकणारे दिवे आणि उपचार शून्य. त्यानेही बऱ्याच जणांच्या चामखिळी गेल्या म्हणतात. मला स्वतःला यात मनाच्या शक्तीपेक्षा कॅलेंडरची शक्ती जास्त दिसते.

हे सगळं मी रात्री दोनपर्यंत वाचलं, त्याचा भाचीच्या बोटाला उपयोग शून्य. सकाळी ताईने ते भरपूर वेळ नळाखाली धरलं आणि एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे चामखीळ आजच जाळून टाकू म्हणाले. भाजलेल्या बोटावर आणखी जाळणं! ताई उठून आली. दुसऱ्या दिवशी एसटीने अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत गेली. 1974 सालचं हे कॉलेज, आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून आमच्याकडे त्याचा अभिमान आहे. त्वचारोगाच्या डॉक्टरीण बाईंनी जखमेला मलम दिलं आणि चामखिळीला काहीच दिलं नाही. जखम भरू द्या, मग वाटलं तर सॅलिसिलिक अॅसिड, नाहीतर वाट बघा. ताईला हे पटायला जड गेलं. दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट घालवून ‘वाट बघा’ ऐकायचं? पुण्यात बसून सबुरी शिकवणं मला सोपं होतं.

आईला मी सुश्रुताची ती ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुलाबी असंच लागलं असंल का रं?” मला आठवत नाही, असं सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये ताई सहज बोलून गेली की चामखीळ दिसत नाही. कधी गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चट्टा आहे, फिकट झालाय. आईने मध्यंतरी देवीला मीठ वाहिलं होतं, ती श्रेय तिकडे देते. चुन्याची डबी मात्र आता वरच्या फळीवर असते. पान लावायचं झालं की आई स्टुलावर चढून ती काढते, आणि परत तिथेच ठेवते.