उकेमी (ज्युदो)

उकेमी हे ज्युदो या जपानी क्रीडाप्रकारातील सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र होय. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्यो येथे ज्युदोची स्थापना केली. फेकीचे डाव शिकवण्यापूर्वी नवशिक्यास उकेमी शिकवण्याचा प्रघात आहे.

प्रकार
मागे पडणे (उशिरो), कुशीवर पडणे (योको), पुढे पडणे (माए) आणि पुढे कोलांटी घेणे (झेंपो काइतेन) हे चार प्रमुख प्रकार आहेत.

पद्धत
मागे पडताना हनुवटी छातीकडे ओढून घेतात. त्यामुळे डोके गादीवर आपटत नाही. त्याच क्षणी सरळ हात तळव्यासह गादीवर आपटल्याने आघात विभागला जातो. हात टेकून तोल सावरू पाहिल्यास मनगट, कोपर वा खांदा दुखावतो.

महत्त्व
जपानी शाळांत १९८३ नंतरच्या तीन दशकांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्याच्या दुखापतींचे प्रमाण मोठे होते. ओसोतो-गारी या डावात खेळाडू पाठीवर पडत असल्याने उकेमी पक्की होईपर्यंत तो नवशिक्यांवर टाकणे धोक्याचे ठरते. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वा मळमळ जाणवल्यास सराव तत्काळ थांबवून वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.