पाठमोऱ्या मानेचं पोस्टर

या पोस्टरवर चेहराच नाही. लष्करी टोपी, कान आणि टोपीखाली वळ्या पडलेली जाडजूड मान, एवढंच. सोबत रशियन लिपीत दोन शब्द : ‘तवारिश्ची, कन्येत्स’. म्हणजे ‘कॉम्रेड्स, संपलं!’ हंगेरीचे चित्रकार इश्तवान ओरोस यांचं हे पोस्टर 1990च्या खुल्या बहुपक्षीय निवडणुकीत ‘हंगेरियन डेमोक्रॅटिक फोरम’ने प्रचारात वापरलं. चार दशकांहून अधिक काळानंतर देशात अशी निवडणूक होत होती.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खटकलं होतं. ‘कॉम्रेड’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गिरणगाव येतं, लाल बावटा येतो, शाहीर अमर शेखांचा डफ कानात घुमतो. आपल्याकडे तो सत्तेशी भांडणाऱ्यांचा शब्द. त्याची टिंगल कशाला?

मग दुसरा प्रश्न पडला. हंगेरीच्या मतदाराशी रशियनमध्ये का बोलायचं? उत्तर तिथल्या शाळेत आहे. 1949पासून जवळपास 40 वर्षं तिथे रशियन सक्तीची होती. मुलांनी ती नाइलाजाने घोकली आणि बहुतेकांनी विसरूनही टाकली. पण हे दोन शब्द कोण विसरणार? पहिला राज्यकर्त्यांच्या तोंडी असलेला, दुसरा सोव्हिएत सिनेमा संपताना पडद्यावर येणारा. लोकांना हा विनोद कळावा, याची तजवीज सत्तेनेच करून ठेवली होती.

आता मला त्या पोस्टरचा संयम अधिक जाणवतो. 1956चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला होता. पंतप्रधान इम्रे नॉज यांना 1958मध्ये फाशी दिलं गेलं. उठावाच्या दिवसांत चिडलेल्या जमावानेही गुप्त पोलिसांना भर रस्त्यात ठार केलं होतं. एवढा हिशेब बाकी असताना पोस्टरवर रक्त नाही, फास नाही, उगारलेली मूठही नाही. फक्त एक पाठमोरा माणूस आणि त्याला ‘संपलं’ म्हणून दिलेला निरोप. तेव्हा सोव्हिएत फौजा देशातच होत्या. त्या पूर्णपणे गेल्या जून 1991मध्ये.

आणि ‘तवारिश्ची’ हे अनेकवचन आहे. निरोप एकट्या रशियन अधिकाऱ्याला नव्हता, त्याच्या जोरावर राज्य करणाऱ्या घरच्या कॉम्रेडांनाही होता. चेहरा नसल्यामुळे त्या मानेत ज्याला त्याला आपापला साहेब दिसला असणार.

‘कॉम्रेड’ हा शब्द माझ्यासाठी आजही गिरणगावाचाच आहे. पण तोच शब्द खुर्चीवर बसला, तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या, तेव्हा त्याची काय गत झाली, हे मला त्या मानेने दाखवलं. म्हणून आता ते पोस्टर खटकत नाही.